शेवया न तोडता

त्या दिवशी दुपारी लातूरच्या एका दवाखान्यात माझ्या भावाला माणसांनी मारलं. तो तिथे डॉक्टर होता. त्याचा पेशंट दगावला होता. संध्याकाळी माझा भाऊ मेला. मी नांदेडला कॉलेजच्या ग्रंथालयात होते.

या ओळी लिहून मी वही मिटली आणि कित्येक महिने उघडली नाही. माझं काम पुस्तकांचं आहे. मुलांनी परत केलेली पुस्तकं मी जागेवर लावते, सुटलेली पानं चिकटवते, मधल्या वेळात वाचते. पुस्तकात माणूस मारला जातो तेव्हा आधीच्या पानांत त्याची तयारी झालेली असते. इथे तसं काही नव्हतं. जळकोटकडच्या एका म्हाताऱ्याला छातीत दुखतं म्हणून जीपमधून आणलं होतं. उशीर झाला होता. माझ्या भावानं छाती दाबली, इंजेक्शन दिलं, पुन्हा छाती दाबली, आणि बाहेर येऊन सांगितलं की बाबा गेले. म्हाताऱ्याच्या मुलानं विचारलं, "तू शिकला कुठं?" दवाखान्याच्या पाटीवर भावाच्या नावाखाली फिलिपाईन्स असं लिहिलेलं होतं. ते कुणीतरी वाचून दाखवलं.

हे सगळं मला माहीत आहे, कारण कुणीतरी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला होता. आम्ही लातूरहून परत यायच्या आधीच तो नांदेडला पोचला. त्यात माझा भाऊ हात जोडतो. हात जोडलेले असतानाच त्याच्या तोंडावर पहिला तडाखा बसतो. चष्मा खाली पडतो. तो चष्मा उचलायला वाकतो, आणि त्यानंतर तो उभा राहिलेला दिसत नाही. सलाईनचा लोखंडी स्टँड वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. स्टँड धरलेल्या हातात लाल दोरा आहे. एक बाई "मेलं की रं, मेलं की" असं ओरडते. ती कुणाबद्दल ओरडते आहे, म्हाताऱ्याबद्दल की माझ्या भावाबद्दल, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी तो व्हिडिओ एकदा पाहिला. आईनं पाहिला नाही. आमचा धाकटा भाऊ मात्र तो पाहत राहिला. जेवताना, गच्चीवर, संडासात. आवाज बंद करून पाहायचा. तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होता. तिथे जाणं त्यानं सोडून दिलं. मेलेला भाऊ मधला. त्याला धाकटा भैय्या म्हणायचा आणि मला अक्का. वडील शिक्षक होते. मधला परदेशात शिकत असतानाच ते गेले. म्हणजे घरात आई, धाकटा आणि मी उरलो.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्या म्हाताऱ्याच्या मुलाला जामीन मिळाला. स्टँड त्याच्याच हातात होता. अहमदपूरच्या एसटी स्टँडजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ते त्यानं पुन्हा उघडलं.

त्या आठवड्यात मी गॅसची टाकी बदलायला गेले तर मागे जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. खंजर होतं. नवं होतं, पात्याला अजून तेल होतं.

"हे काय आहे?" मी धाकट्याला विचारलं.

"दिसून राहिलं न तुला. खंजर हाय."

"कशाला?"

"कोथिंबीर चिरायला." पण तो हसला नाही. "मे महिन्यात भैय्याचा वाढदिवस हाय. त्या दिवशी ते करायचं, त्याचं ते शेवयाचं. भैय्या करायचा तसंच झालं पायजे. ते खायाचं, आन् दुसऱ्या दिवशी मी अहमदपूरला जानार. मधात मला कुनी काही बोलू नका."

आई दारात उभी होती. मला वाटलं ती किंचाळेल, त्याच्या पाया पडेल. ती म्हणाली, "जा. पर खाऊन जा."

माझ्या आईची ही भाषा होती त्या दिवसांत. ती शेतकऱ्याची लेक, शिक्षकाची बायको, चिमण्यांना रोज तांदूळ टाकणारी. सकाळी तुळशीला पाणी घालताना ती त्या माणसाच्या नावानं बोटं मोडायची. त्याच्या घरात चूल पेटू नये, त्याच्या बायकोचं कपाळ पांढरं व्हावं, त्याचे हात झडावेत. पाणी संपलं तरी तिचं संपायचं नाही. मी त्या घरात एकटी होते जिला धाकटा घरात हवा होता. त्या माणसाची मला कीव येत होती असं नाही. मला एवढंच कळत होतं की धाकटा अहमदपूरला गेला तर परत येणार नाही. एक तर पोलीस नेतील, नाही तर ते लोक तिथेच आडवा करतील.

आता त्या शेवयांबद्दल सांगायला हवं. त्यांना तिकडे पान्सित म्हणतात. केसासारख्या बारीक, तांदळाच्या शेवया असतात. कोंबडीचं पाणी काढायचं, त्यात सोया सॉस घालून शेवया शिजवायच्या, त्यांनी सगळं पाणी पिऊन घेतलं की गाजर, कोबी, शेंगा आणि कोंबडीचे तुकडे मिसळायचे, वर लिंबू पिळायचं. मधला फिलिपाईन्सहून परत आला त्या वर्षी त्यानं आपल्या वाढदिवसाला हे पहिल्यांदा केलं. येताना बॅगेत कपड्यांपेक्षा या शेवयांची पाकिटं जास्त होती. आईनं कोंबडीसाठी वेगळं पातेलं दिलं, वेगळा चमचा दिला, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पाहत राहिली.

"आन् साखर कवा टाकनार?" तिनं विचारलं.

"आई, ही खीर नाही."

"शेवया हैत, अन् खीर न्हाई. डॉक्टर होऊन आलास का येडा होऊन आलास?"

शेवयांचा गुंता पातेल्यात जाईना म्हणून तिनं हात पुढे केला, तर त्यानं तिचं मनगट धरलं. "तोडू नको. वाढदिवसाला ह्या तोडत नाहीत. जेवढ्या लांब तेवढं आयुष्य लांब." आई म्हणाली, "मंग खाताना काय करायचं, गिळायच्या?" तो म्हणाला, "हो, ओढायच्या." आणि त्यानं ओढून दाखवल्या, मान वर करून, हनुवटीला सोया सॉस लावून. धाकट्यानं तसंच केलं. ते दोघं किती तरी वेळ एकमेकांसमोर शेवया ओढत होते.

त्यानंतर तो दर वाढदिवसाला करायचा. आम्ही तिघंही नुसते खायचो. कसं करतात ते कुणी नीट पाहिलं नव्हतं.

धाकट्यानं आधी मॉलमधून नूडल्सची पाकिटं आणली. त्या जाड होत्या, पिवळ्या होत्या, चव गाडीवरच्या चायनीजसारखी आली. त्यानं ताट सरकवलं. "हे न्हाई." दुसऱ्या दिवशी तांदळाच्या म्हणून कसल्या तरी पट्ट्या आणल्या, त्यांची पेज झाली. "हे बी न्हाई." तिसऱ्यांदा आईनं घरच्या गव्हाच्या शेवया काढल्या. आमच्याकडे शेवया वाळल्या की हातानं मोडून डब्यात भरतात. लांब ठेवल्या तर डब्यात मावत नाहीत. त्यामुळे डब्यात होता तो बोटभर लांबीचा चुरा. त्याचा कढईत लगदा झाला.

तेव्हा मी मधल्याच्या जुन्या घरमालकीणबाईंना फोन लावला. फिलिपाईन्समध्ये तो त्यांच्या घरात वरच्या खोलीत राहायचा. तो गेला तेव्हा त्या फोनवर रडल्या होत्या, त्यांच्या भाषेत, मग इंग्रजीत. या वेळी मी व्हिडिओ कॉल केला, मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ओट्यावर ठेवला. इंग्रजी मला समजतं; मी मधे उभी राहून दोघींचं एकमेकींना सांगत होते.

"मला तुमच्या आईचं फक्त कपाळ दिसतंय," त्या म्हणाल्या.

"काय म्हनती?"

"तुझं कपाळच दिसतंय म्हणते."

"बघ म्हनावं मंग कपाळ. दुसरं काय ऱ्हायलंय दाखवायला."

हे मी त्यांना सांगितलं नाही. मोबाईल जरा मागे सरकवला.

त्या सांगत होत्या तसं आई करत होती. आधी लसूण, भरपूर, लाल होईपर्यंत. मग कांदा. "आता लसूण बी मला ही शिकवनार," आई पुटपुटली, पण पळी हलवत राहिली. कोंबडीचे तुकडे करायला सुरी चालेना. हाडापाशी अडकायची. धाकटा गॅसच्या टाकीमागे गेला, टॉवेल सोडला आणि खंजर घेऊन आला. एका घावात तंगडी सुटली. दुसऱ्या घावात छातीचे दोन भाग झाले. ओट्याच्या फरशीवर खट् खट् आवाज होत होता आणि तिकडे मोबाईलमध्ये त्या बाई "छान, छान" म्हणत होत्या. त्यांना वाटलं, आमच्याकडे हेच वापरतात.

आईनं ते पातं नळाखाली धरलं, अंगठा फिरवून पाहिला आणि धाकट्याच्या हातात परत दिलं. "धार चांगली हाय," ती म्हणाली.

"हिरवी मिरची टाकायची का, विचार तिला," आई मला म्हणाली.

मी विचारलं. त्या बाई एवढ्या हसल्या की चित्र हललं. "तुमचा मुलगा माझ्या स्वयंपाकघरात मिरच्या जाळायचा! माझा नवरा खोकत खोकत अंगणात पळायचा. आम्ही म्हणायचो, डॉक, तू आधी आम्हाला आजारी पाडतोस आणि मग औषध देतोस."

हे मी आईला सांगितलं आणि आई हसली. मोठ्यानं. पळी हातात धरून, डोळे मिटून. मधला गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. धाकट्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, जसं अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

मग त्या बाईंनी शेवयांबद्दल सांगितलं. तोडायच्या नाहीत, कापायच्या नाहीत, वाढदिवस आहे म्हणजे तर मुळीच नाही, लांब आयुष्यासाठी. बोलता बोलता त्या थांबल्या. आपण हे कुणाला सांगतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं. पलीकडे कुठेतरी कोंबडा आरवत होता.

"तरी तोडू नका," त्या म्हणाल्या.

आईनं मग ठरवलं की शेवया नव्यानं करायच्या. चैत्र संपत आला होता, ऊन कडक होतं, दिवस शेवयांचेच होते. तिनं माळ्यावरून मशीन काढलं, बाजेच्या लाकडाला स्क्रूनं आवळलं. कणीक धाकट्यानं तिंबली. तो कणकेला असे ठोसे घालायचा की परात फरशीवर सरकत जायची. मी हँडल फिरवायची, आई खाली काठी धरायची, काठीवर शेवया लोंबत यायच्या, पांढऱ्या, ओल्या, गुडघ्यापर्यंत. त्या गच्चीवर दोन खुर्च्यांच्या मधे वाळत ठेवल्या. पहिल्या खेपेला आई संध्याकाळी गेली आणि नेहमीप्रमाणे मूठ भरभरून मोडून परातीत टाकून घेऊन आली. खाली आल्यावर तिच्या लक्षात आलं. "हाताला सवय हाय रं," ती म्हणाली. पुन्हा कणीक भिजवली. या खेपेला अर्धवट वाळल्या असतानाच काठीवरून काढून त्यांच्या सैल घड्या घातल्या, लोकरीच्या लडीसारख्या, आणि मग सावलीत पूर्ण वाळू दिल्या. तसं केलं की त्या लांबच राहतात. हे आईचं डोकं. असं तिनं आधी कधी केलं नव्हतं, आणि तिच्या ओळखीतल्या कुणीही नाही.

मी हे सगळं लांबवता येईल तेवढं लांबवत होते. पाणी जास्त झालं, मीठ कमी आहे, भैय्याचं असं मऊ नसायचं. धाकटा माझं ऐकायचा आणि पुन्हा करायला घ्यायचा. जोवर तो कढईसमोर उभा होता तोवर तो घरात होता. पण मे महिना मला लांबवता येणार नव्हता.

त्याच दिवसांत लातूरला कोर्टाची तारीख लागली. आई येत नसे. मी आणि धाकटा एसटीनं गेलो. गाडी अहमदपूरला थांबते. कंडक्टर उतरून चहाला गेला. धाकटा उठला.

"कुठं?"

"पानी घिऊन येतो."

"बाटली भरलेली आहे."

"अक्का, हात सोड. मी काय आज जाऊन राहिलो का? सांगितलंय न तुला, वाढदिवस झाल्यावर."

मी हात सोडला नाही. तो पुन्हा बसला आणि खिडकीतून पाहू लागला. मीही पाहिलं. दुकान तिथून दिसतं. तो माणूस काउंटरमागे उभा होता, पुढे कॉलेजची मुलगी होती. तिच्या मोबाईलला तो काच बसवत होता. आधी फडक्यानं पुसलं, मग फुंकर मारली, मग एका कोपऱ्यापासून अंगठ्यानं हवा काढत काढत काच दाबली. बुडबुडा राहिला तो पुन्हा उचलून काढला. मुलीनं पैसे दिले, तो काहीतरी बोलला, ती हसली. मनगटावरचा लाल दोरा तसाच होता.

ते अंगठे कुणीतरी एकेक करून मागे वाकवावेत, आवाज होईपर्यंत, आणि मी ते समोर बसून पाहावं, असं मला त्या वेळी वाटलं. एवढं स्पष्ट मला दुसरं काही वाटल्याचं आठवत नाही. धाकट्याचा हात मी आणखी घट्ट धरला. मी त्याला धरलं होतं की स्वतःला, कोण जाणे. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळपासून घर तापलं होतं. नांदेडला मे महिन्यात स्वयंपाकघरात उभं राहणं हीच एक शिक्षा असते. फॅन लावला तर गॅस विझतो, म्हणून फॅन बंद. आईनं भिंतीवरच्या मधल्याच्या फोटोला हार घातला नाही. म्हणाली, वाढदिवस हाय, आज हार नको. धाकट्यानं दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. दारामागे त्याची पिशवी भरलेली होती. टाकीमागचा टॉवेल तिथे नव्हता. म्हणजे खंजर पिशवीत गेलं होतं. दुसऱ्या दिवशीची पहिली गाडी कधी सुटते ते त्यानं विचारून ठेवलं होतं.

सगळं नीट चाललं होतं. लसूण लाल झाला, कोंबडी शिजली, भाज्या परतून ताटात काढून ठेवल्या. कढईत कोंबडीचं पाणी उकळत होतं, सोया सॉसनं तांबूस झालेलं, त्याला मधल्याच्या खोलीचा वास येत होता. निदान मला तसं वाटलं. धाकटा बाजूला उभा राहून उकळीकडे बघत होता. आई शेवयांची लड घेऊन कढईपाशी आली.

तिनं ती दोन्ही हातांत धरली, अंगठे मधे आणले आणि मोडली.

कट्कन आवाज झाला. वाळलेल्या शेवयांचा तो आवाज आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकलेला आहे. माझ्या लक्षात तिच्या आधी आलं. धाकट्याच्या त्याहून आधी.

"आई!"

ती हातातल्या दोन अर्ध्या लडींकडे पाहत राहिली.

"काय सांगितलं व्हतं तुला? काय सांगितलं व्हतं? तूच तोडली. तूच तोडली त्याला!"

"हाताला सवय हाय रं बाळा..."

"आग लागो तुझ्या हाताला!"

आणि त्यानं कढईला हात मारला. तिला मारायचं त्याच्या मनात होतं असं मी म्हणणार नाही. त्याला काहीतरी मोडायचं होतं. कढई गॅसवरून उडाली, ओट्याच्या काठावर आदळली, आणि उकळतं पाणी आईच्या उजव्या हातावर कोपरापासून खाली गेलं. आई ओरडली नाही. तिच्या घशातून एक श्वास आत गेला तो बाहेरच येईना. शेवयांचे तुकडे फरशीवर वाफाळत पडले होते आणि धाकटा आपली भाजलेली बोटं झटकत त्यांच्यात उभा होता.

मी तिचा हात नळाखाली धरला. नळाचं पाणीसुद्धा गरम येत होतं. धाकटा अनवाणी रस्त्यावर पळाला आणि ऑटो घेऊन आला.

दवाखान्यात तातडीच्या विभागात पाय ठेवायला जागा नव्हती. माहूरहून देवीचं दर्शन घेऊन येणारी जीप उलटली होती. बाकांवर, जमिनीवर माणसं होती, कुणाच्या कपाळावर अजून कुंकू होतं आणि त्याच्या खाली रक्त. एकच डॉक्टर होता, पोरगेलासा, एप्रनच्या बाह्या वर केलेला. तो एका माणसाच्या डोक्याला टाके घालत होता. आईच्या हातावरची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

"डॉक्टर, आमच्या आईला बघा."

"थांबा. ह्यांचं रक्त थांबवतो, मग येतो. हात पाण्यात धरा तोवर."

धाकटा थांबला. पुन्हा गेला. डॉक्टरनं मान वर न करता पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तो गेला तेव्हा मी त्याची पाठ पाहिली आणि मला कळलं, पण मी आईला धरून बसले होते.

"कवाचं थांबून राहिलो आमी! म्हातारं मानूस हाय, दिसून न्हाई राहिलं का?" त्यानं डॉक्टरची कॉलर धरली आणि त्याला त्या पेशंटवरून उचललं. "डॉक्टरच हैस न तू? शिकला कुठं? हां? शिकला कुठं?"

आणि तोंडात मारली. डॉक्टर मागच्या ट्रॉलीवर आपटला, कात्र्या चिमटे खाली पडले. तो सावरला आणि त्यानं हात जोडले.

बाकावरचा एक माणूस उठला. त्याचा आमच्याशी काही संबंध नव्हता. "मारा साल्याला, आमाला बी मघापासून बसवलंय," असं म्हणत तो बाह्या सरसावत पुढे आला. त्याच्यामागे आणखी एक. दाराशी उभ्या असलेल्या पोरानं खिशातून मोबाईल काढला आणि वर धरला.

आई माझ्या हातातून सुटली. ती त्या गर्दीत शिरली, धाकट्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं त्याच्या तोंडात मारली. उजव्या हातानं. त्याच हातानं. त्याच्या गालावर तिची कातडी चिकटून राहिली.

"अस्संच धरलं असंल," ती म्हणाली. "अस्संच धरलं असंल की रं माझ्या लेकराला."

तिचा आवाज मोठा नव्हता. धाकट्यानं कॉलर सोडली. पुढे आलेला तो माणूस थांबला, जरा इकडे तिकडे पाहून पुन्हा बाकावर जाऊन बसला. पोरानं मोबाईल खाली केला नाही. धाकटा भिंतीला टेकला, घसरत खाली बसला, आणि गालावरचं ते पुसायला हात नेला, पण पुसलं नाही.

डॉक्टरनं आधी तो अर्धवट राहिलेला टाका घातला. मग आईला खाटेवर बसवून तिचा हात साफ केला, मलम लावलं, पट्टी बांधली. त्याचा ओठ फुटला होता. आईनं त्याला विचारलं, "जेवलास का बाबा?" त्यानं पट्टीची गाठ मारली. पोलीस आल्यावर त्यानं जबाब लिहून दिला. ते धाकट्याला घेऊन गेले. एक हवालदार मला म्हणाला, "बाई, डॉक्टरच्या हातापाया पडा, मागं घेतील तक्रार." मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "न्हाई. कुनी जायचं न्हाई." त्या डॉक्टरनं तक्रार मागे घेतली नाही. त्याच्या जागी माझा भाऊ असता तर त्यानंही घेऊ नये असंच मला वाटलं असतं.

आम्ही दोघी घरी आलो तेव्हा स्वयंपाकघरात मुंग्या लागल्या होत्या. मी फरशी धुतली. ताटात भाज्या तशाच होत्या. एक पातेलंभर कोंबडीचं पाणी बाजूला काढलेलं होतं ते शाबूत होतं. आई पाटावर बसली, डाव्या हातानं उरलेली लड उचलून माझ्याकडे दिली.

"गॅस पेटव."

"आई, आता कशाला?"

"वाढदिवस हाय त्याचा. पेटव. आन् तोड त्या, ह्या पातेल्यात मावत न्हाईत."

मी तोडल्या. शिजवल्या. आई डाव्या हातानं जेवली, चमच्यानं, सांडत सांडत. चव त्याच्या हातच्यासारखी होती की नव्हती हे मला सांगता येणार नाही. त्या दिवशी मला कशाचीच चव लागत नव्हती. आई म्हणाली, "लसूण कमी पडला."

धाकटा जामिनावर सुटून आला तेव्हा दारामागची पिशवी तशीच होती. त्यानं ती उघडली, कपडे कपाटात ठेवले, टॉवेल धुवायला टाकला आणि खंजर ओट्यावर आणून ठेवलं. अहमदपूरचं नाव तो घेत नाही. त्याच्या मनातून ते गेलं आहे का, हे मी त्याला विचारलेलं नाही. आई आता सकाळी तुळशीला पाणी घालते आणि गप्प आत येते. लातूरच्या तारखेला जाताना गाडी अहमदपूरला थांबली की धाकटा डोळे मिटून बसतो. मी पाहते. दुकान उघडं असतं.

या वर्षीही मे महिन्यात आम्ही पान्सित केलं. शेवया आईनं मोडल्या. कोंबडी धाकट्यानं त्या खंजरानं तोडली. घरात तेवढी चांगली धार दुसऱ्या कशाला नाही. आईच्या उजव्या हातावर कोपरापासून बोटांपर्यंत व्रण आहे, आणि त्या हाताची मूठ पूर्ण मिटत नाही. लातूरचा खटला चालू आहे. नांदेडचा खटलाही चालू आहे. धाकटा घरी आहे.